दिसतं पण उघडत नाही, उघडतं पण दिसत नाही

प्रस्तावना

पीक विम्याची मुदत संपायला दोन-चार दिवस उरले की बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या आसपासच्या गावांतल्या सेवा केंद्रांत काय चाललंय ते रांगेवरून कळतं. रांग सरकत असेल, तर एका टेबलावर स्कॅन झालेला सातबारा दुसऱ्या टेबलावर अर्ज भरणाऱ्याच्या पडद्यावर आपोआप उतरतो आहे. रांग अडली असेल आणि ऑपरेटर पेन ड्राइव्ह घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फेऱ्या मारत असेल, तर शेअरिंग बंद पडलंय. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘नेट नाही.’ नेट बहुतेक वेळा असतंच. आणि नसलं तरी बिघडत नाही, कारण एका खोलीतल्या दोन संगणकांनी एकमेकांचं फोल्डर उघडायला इंटरनेट लागत नाही. राउटर चालू असला की पुरे.

ही पुस्तिका त्या अडलेल्या रांगेसाठी आहे. विषय एकच: वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या संगणकांमध्ये फोल्डर शेअर केलं आणि ते दुसरीकडून उघडेना, तर नेमकं कुठं बघायचं.

वेगवेगळ्या सिस्टिम म्हटलं की पुण्या-मुंबईची कंपनी डोळ्यांसमोर येते. खरी सरमिसळ मात्र आपल्याकडे आहे, कारण इथे सगळी यंत्रं एका वेळी, एका ऑर्डरमध्ये कधीच येत नाहीत. स्कॅनर जुना, त्याचा ड्रायव्हर विंडोज सातवरच चालतो, म्हणून तो संगणक तसाच ठेवलेला. अर्ज भरायला विंडोज अकराचा नवा लॅपटॉप. कोपऱ्यात शाळेकडून आलेल्या जुन्या डब्यावर लिनक्स, म्हणजे उबुंटू किंवा सी-डॅकची बॉस. लग्नाचे आणि दिंडीचे फोटो करणाऱ्याकडे मॅक. आणि सगळ्यांत वयस्कर म्हणजे सेकंडहँड घेतलेलं झेरॉक्स मशीन. तेही एक संगणकच आहे आणि त्याच्या पोटातही स्वतःची सिस्टिम आहे, हे त्याने स्कॅन फोल्डरमध्ये टाकायचं थांबवेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. त्यात भर गडाच्या कामाची: नारायणगडाला धाकटी पंढरी म्हणतात. आषाढीच्या दिंडीच्या याद्या असोत, नाहीतर २०२४ साली गडावर भरलेल्या दसरा मेळाव्यासारखा प्रसंग असो, छपाईचं काम एकदम अंगावर येतं, आणि डिझाइन एका यंत्रावर, छपाई दुसऱ्यावर असेल तर मधलं फोल्डर उघडलंच पाहिजे.

‘मग सगळं गूगल ड्राइव्हवर टाका ना,’ असं शहरातून आलेला पाहुणा सांगतो. त्याचं बरोबर आहे, त्याच्या घरात. इथं दोन मीटरवरच्या टेबलावर जायला फाइलने आधी दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायचं, तेही मोबाइलच्या डेटावर, ही उलटी वाट झाली. त्याहून वाईट म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. आधार कार्डं, बँक पासबुकं, अंगठ्यांचे कागद असे सर्रास व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, ऑपरेटरच्या खासगी फोनमध्ये महिनोन्‌महिने पडून राहतात. शेअरिंग नीट चालत असतं तर त्यातलं निम्मं तरी थांबलं असतं. म्हणून मला हा विषय केवळ सोयीचा वाटत नाही.

आता थोडा इतिहास, कारण या विषयात इतिहास कळल्याशिवाय आजचा बिघाड कळत नाही.

एका यंत्राने दुसऱ्याला ‘मला ही फाइल दे’ असं म्हणण्याची जी भाषा आज जवळपास सगळीकडे चालते तिला एसएमबी म्हणतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी ती रचली, पुढे मायक्रोसॉफ्टने ती उचलली आणि वाढवली. युनिक्सवाल्यांची भाषा वेगळी होती. १९९१च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या विद्यापीठात, अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या डॉसवरच्या संगणकावरून युनिक्स मशीनवरच्या फाइली वाचायच्या होत्या. भाषेचं व्याकरण छापलेलं त्याच्या हाती नव्हतं. त्याने तारेवरून जाणारे संदेश पकडले, कुठल्या प्रश्नाला कुठलं उत्तर जातं ते ताडून पाहिलं आणि तसंच उत्तर देणारा प्रोग्रॅम लिहिला. जानेवारी १९९२मध्ये पहिली आवृत्ती बाहेर पडली. पुढे नावाच्या हक्काचा प्रश्न आला तेव्हा त्याने शब्दकोशाच्या यादीत एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने असलेले शब्द शोधले, आणि त्यातून सांबा हे नाव निघालं. लिनक्स आणि विंडोज यांच्यातलं शेअरिंग आजही मुख्यतः त्याच सांबावर चालतं.

म्हणजे एका बाजूने ही भाषा ऐकून-ऐकून शिकलेली आहे. अधिकृत कागद मिळायला कोर्ट लागलं. युरोपियन कमिशनने २००४ साली मायक्रोसॉफ्टला ही माहिती इतरांना देण्याचा आदेश दिला, सप्टेंबर २००७मध्ये न्यायालयाने तो कायम केला, आणि त्याच डिसेंबरमध्ये दहा हजार युरो भरून सांबाच्या मंडळींना तो दस्तऐवज मिळाला. तोवर सोळा वर्षं निव्वळ कानावर काम चाललं होतं. ते चाललं, याचंच मला अजून नवल वाटतं.

दुसरी तारीख जास्त महत्त्वाची आहे: २०१७. या भाषेच्या पहिल्या आवृत्तीत एक मोठं भोक होतं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला ते बुजवणारी दुरुस्ती काढली, पण ती न टाकलेले संगणक जगभर लाखोंनी होते. एप्रिलमध्ये अमेरिकी गुप्तहेर संस्थेकडचं, त्याच भोकातून आत शिरणारं हत्यार उघड्यावर आलं, आणि १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला. जूनच्या शेवटी नॉटपेट्या आला. त्याची झळ थेट महाराष्ट्राला बसली: उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क समूहाचं कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर कुठला, जायचा कुठं, हे सांगणारी यंत्रणाच गेली.

त्यानंतर सगळ्यांनी दारं घट्ट केली. ऑक्टोबर २०१७च्या विंडोज दहाच्या आवृत्तीपासून एसएमबीची पहिली आवृत्ती नव्या इन्स्टॉलेशनमधून काढायला सुरुवात झाली. सांबाने २०१९ साली ती आपल्याकडे मुळात बंद ठेवली. २०२४च्या विंडोज अकराच्या प्रो आवृत्तीत आणखी दोन कड्या लागल्या: प्रत्येक संदेशावर सही हवी, आणि पाहुणा म्हणून बिनपासवर्ड आत येणं बंद. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. सही पासवर्डवरून तयार होते. पाहुण्याला पासवर्डच नाही, तर तो सही कशाने करणार? होम आवृत्तीत या कड्या तशा लागलेल्या नाहीत. म्हणून एकाच दुकानातून घेतलेल्या, एकाच रंगाच्या दोन लॅपटॉपांपैकी एक लिनक्सवरचं फोल्डर उघडतो आणि दुसरा दाद देत नाही. दोष लिनक्सचा नसतो, लॅपटॉपचाही नसतो.

मला या पुस्तिकेत मुख्यतः जे सांगायचं आहे ते इथेच येतं. या विषयातल्या प्रत्येक उपायाला साल असतं. यूट्यूबवर बघून ‘फायरवॉल बंद करा, पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग ऑफ करा, एव्हरीवनला फुल कंट्रोल द्या, जुना एसएमबी चालू करा’ अशी चार पावलं ऑपरेटर करतो. त्यातली काही २०१०मध्ये चालत होती. आज त्यातली निम्मी निरुपयोगी आहेत, उरलेली घातक. आणि चारही एकदम केल्यामुळे मूळ दुखणं कुठलं होतं ते कधीच कळत नाही. मग शेवटी ‘फॉरमॅट मारा’. फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकली की ती आणखी कडक असते, आणि काल चालत असलेलं दुसरं काहीतरी बंद पडतं.

त्याऐवजी ओळीने विचारा. तहसीलमध्ये नक्कल काढायला गेलेला माणूस जसा आधी कार्यालय कुठं आहे ते शोधतो, मग ते उघडं आहे का बघतो, मग ओळखपत्र दाखवतो, आणि एवढं झाल्यावर त्याला कळतं की त्याच्या नावावर नसलेल्या गटाची नक्कल मिळणार नाही. तसेच टप्पे इथं आहेत. पहिल्या टप्प्यावर अडलेल्याने चौथ्याचा अर्ज लिहीत बसू नये, एवढंच पथ्य. पुस्तिकेची प्रकरणं याच क्रमाने आहेत. पहिल्या दोन टप्प्यांवर मी इथे थोडक्यात बोलतो, तिसऱ्यावर जास्त, कारण सर्वांत जास्त वेळ तिथे वाया जातो.

पत्ता सापडणं. ‘नेटवर्क’ वर क्लिक केल्यावर लिनक्सचा संगणक यादीत दिसत नाही म्हणून लोक तिथेच थांबतात. ती यादी बनवणारी जुनी पद्धत एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर टेकलेली होती. ती गेल्यावर यादीही विरळ झाली. फोल्डर मात्र जागेवर असतं. वर पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन आयपी पत्ता टाकला की ते उघडतं. मॅकवर हेच काम फाइंडरमधल्या ‘कनेक्ट टू सर्व्हर’ने होतं. नाव यादीत हवंच असेल तर लिनक्सवर त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम बसवता येतो, तो कसा ते आत आहे.

पण तो आयपी पत्ता टिकला पाहिजे. आपल्याकडे लाईट जाते. आली की राउटर नव्याने उठतो आणि कधी-कधी पत्ते नव्याने वाटतो. काल ज्या आकड्यावर स्कॅनरचा संगणक होता तिथे आज कुणाचा तरी फोन बसलेला असतो. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट त्या फोनचं दार ठोठावत राहतो. राउटरमध्ये त्या संगणकाचा पत्ता राखून ठेवणं हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि मला विचाराल तर या पुस्तिकेतलं सर्वांत किफायतशीर. दुसरी सर्रास आढळणारी गोष्ट: एक संगणक फायबरच्या राउटरवर आणि दुसरा मालकाच्या मोबाइल हॉटस्पॉटवर. दोघांवरही नेट व्यवस्थित चालतं, पण ती दोन वेगळी नेटवर्कं आहेत. ते एकमेकांना दिसणारच नाहीत.

दार उघडं असणं. एसएमबीचं दार म्हणजे पोर्ट ४४५. नवा राउटर लावला की विंडोज विचारते, हे नेटवर्क सार्वजनिक की खासगी. घाईत सार्वजनिक निवडलं जातं आणि फायरवॉल ते दार लावून घेते. नेटवर्क खासगी केलं की काम होतं. फायरवॉल आख्खी बंद करायची काहीच गरज नाही. ती बंद करून चालू झालं म्हणून सांगणाऱ्यांनी प्रत्यक्षात एवढंच एक बटण चुकवलेलं असतं.

आता तिसरा टप्पा, तू कोण.

बहुतेक दुकानांत संगणकाला पासवर्डच नसतो. चालू केला की थेट डेस्कटॉप. विंडोजचा एक्सपीपासूनचा नियम असा की ज्या खात्याला पासवर्ड नाही, ते खातं समोर बसून वापरता येईल, नेटवर्कवरून नाही. म्हणजे युजरनेम बरोबर, पासवर्डची जागा रिकामी, आणि नकार. संदेशात मात्र कारण असं सांगितलं जातं की वाचणाऱ्याला परवानगीचा घोळ वाटावा. मग तो फोल्डरच्या परवानग्या खोदत बसतो. दुसऱ्या टोकाला, नव्या लॅपटॉपवर लोक चार आकडी पिन टाकून उघडायला शिकलेत. तो पिन त्या लॅपटॉपपुरताच आहे. दुसऱ्या संगणकावरून फोल्डर उघडताना खात्याचा खरा पासवर्ड लागतो, जो दुकान मांडलं त्या दिवशी एकदा टाकला होता आणि नंतर कुणाच्याच डोक्यात राहिला नाही.

लिनक्सवर गंमत वेगळी. तिथे लॉगिनचा पासवर्ड एक आणि सांबाचा पासवर्ड दुसरा. दोन वेगळ्या वह्या. सिस्टिममध्ये नवीन वापरकर्ता तयार केला तरी सांबाच्या वहीत त्याची नोंद स्वतंत्रपणे करावी लागते. ती केली नाही तर विंडोज पुन्हा-पुन्हा पासवर्ड विचारते आणि ऑपरेटर पुन्हा-पुन्हा बरोबर पासवर्ड टाकतो. मॅकवरही शेअरिंगच्या पर्यायांत त्या वापरकर्त्याच्या नावापुढे विंडोजसाठी वेगळी खूण करावी लागते.

आणि एकदा चुकीच्या नावाने आत गेलात, तर विंडोज तेच नाव धरून बसते. एकाच सर्व्हरशी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या नावांनी बोलायला ती तयार नसते. जतन केलेला जुना पासवर्डही ती गुपचूप पुढे करते. क्रेडेन्शियल मॅनेजर उघडून तिथली जुनी नोंद काढणं हा यावरचा इलाज, आणि बदल केल्यावर लॉग ऑफ होऊन परत येणं. मी पाहिलेल्या बऱ्याच ‘काहीच चालत नाही’ प्रकरणांत दुरुस्ती आधीच झालेली होती, फक्त यंत्र जुन्या ओळखीवर अडून बसलं होतं.

चौथ्या टप्प्यात, म्हणजे परवानगीत, एवढंच ध्यानात ठेवा की विंडोजमध्ये फोल्डरला दोन कुलपं असतात, एक शेअरचं आणि एक डिस्कवरचं, आणि दोघांपैकी जे जास्त कडक ते चालतं. ‘एव्हरीवन’मध्ये अनोळखी माणूस येत नाही. पाहुण्याचं खातं बंद असेल तर ज्याची ओळख पटली तोच येतो. म्हणून एव्हरीवनला फुल कंट्रोल दिल्याने तिसऱ्या टप्प्याचा प्रश्न सुटत नाही, फक्त ओळख पटलेल्या प्रत्येकाला फाइली पुसायची मुभा मिळते. लिनक्सवर शेअर केलेल्या फोल्डरपर्यंत जाणाऱ्या वाटेवरच्या प्रत्येक फोल्डरमधून पुढे जायची परवानगी लागते. उबुंटूने २०२१पासून नव्या वापरकर्त्याचं घरचं फोल्डर इतरांसाठी बंद ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे घराच्या आत ठेवलेलं फोल्डर शेअर केलं तरी वाट दारातच अडते. शेअरिंगसाठी घराबाहेर वेगळी जागा करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

चारही टप्पे पार झाले तरी एक अडचण उरते, आणि ती इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. आपल्या फाइलींची नावं मराठीत असतात. ‘शेतकऱ्यांची यादी’ हे नाव घ्या. त्यातला ऱ्य तीन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ हे एकसंध चिन्ह घेऊन, साध्या र ला नुक्ता जोडून, किंवा र, हलन्त आणि मग न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर तिन्ही नावं सारखी दिसतात. विंडोज आणि लिनक्सच्या लेखी मात्र ती तीन वेगळी नावं आहेत. मॅक पहिली दोन एकच मानतो. मॅकची जुनी फाइल सिस्टिम तर नाव साठवतानाच पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर करायची. जुन्या मॅकवरून आलेली फाइल म्हणून एकाच फोल्डरमध्ये त्याच नावाने दोनदा दिसते, आणि शोधली तर सापडत नाही. दोन टेबलांवर दोन वेगळे कीबोर्ड वापरणाऱ्या केंद्रात मॅकशिवायही हे घडतं, आणि मग चुकून जुनीच यादी उघडली जाते आणि अनुदान अडतं.

दुसरं म्हणजे लांबी. आपल्याकडे फाइलचं नाव म्हणजे शासन निर्णयाचा विषयच: ‘अतिवृष्टीने बाधित शेतकऱ्यांची तलाठी सज्जा व गावनिहाय अनुदान वाटप यादी सन २०२३-२४ अंतिम सुधारित प्रत’. विंडोजवर नावाची मर्यादा २५५ चिन्हांची, तिथे हे आरामात बसतं. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कवर ती मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासकट, तीन बाइट खातं. म्हणजे उणीपुरी ८५ चिन्हं. वरचं नाव त्यात मावत नाही. इंग्रजी नावाच्या फाइली सुरळीत जातात, मराठी नावांच्या तेवढ्या अडकतात, आणि ठपका ‘मराठी फॉन्ट’वर येतो. फॉन्टचा इथं काही संबंध नाही. (जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर गिचमिड दिसतो, तो त्रास वेगळा आणि शेअरिंगशी असंबद्ध. त्यासाठी कन्व्हर्टर वापरावेत.) नाव आखूड ठेवा, सालानंतर तिरकी रेघ किंवा विसर्गासारखे दोन ठिपके देऊ नका. लिनक्सवर ते ठिपके चालतात, विंडोजला चालत नाहीत, आणि मग तिथे त्या फाइलचं नाव ओळखू न येणारं होऊन बसतं.

शेवटचं प्रकरण झेरॉक्स मशीनचं आहे आणि त्यावर वाद होईल याची मला कल्पना आहे. जुनी मशीनं एसएमबीची पहिली आवृत्तीच बोलतात. ‘तेवढ्यासाठी ती चालू केली तर काय होतं?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. विंडोज सातशी बोलायला तिची गरज नसते, हे त्यांना आधी सांगावं लागतं. सात ही दुसरी आवृत्ती जाणते. गरज पडते ती फक्त एक्सपीला आणि अशा मशीनला. माझं उत्तर ‘नको’ असंच आहे. लोकांचे आधार आणि पासबुकं ज्या संगणकावर आहेत त्याचं, २०१७मध्ये भोक सापडलेलं ते जुनं दार एका मशीनच्या सोयीसाठी पुन्हा उघडू नये. बऱ्याच मशीनांत स्कॅन एफटीपी या फाइली पाठवायच्या दुसऱ्या भाषेत धाडायची सोय असते. लिनक्सच्या डब्यावर एफटीपी घेणारं एक फोल्डर करा, तेच फोल्डर सांबातून बाकीच्यांना द्या. मशीन जुन्या भाषेत बोलेल, लॅपटॉप नव्या भाषेत ऐकेल. एफटीपीतून पासवर्ड उघडा जातो, म्हणून त्या खात्याला त्या एका फोल्डरपलीकडे कुठेही वाट ठेवू नये आणि तो पासवर्ड दुसरीकडे वापरू नये. मशीनमध्ये एफटीपीही नसेल, तर पेन ड्राइव्हवर स्कॅन करून तो त्या लिनक्सच्या डब्याला लावावा. फेऱ्या वाढतील खऱ्या, पण ज्या टेबलावर अर्ज भरले जातात ते टेबल सुरक्षित राहील. कुठल्या मशीनच्या मेनूत ही सोय कुठे सापडते, त्याची चित्रं त्या प्रकरणात दिली आहेत.